खुडूक (अंडी उबवायला बसलेली) कोंबडी अर्ध्यावर उठते ती का?

चार पिल्लं निघाली आणि बाकीची अंडी टाकून कोंबडी उठली, यात तिचा दोष नाही. बहुतेक वेळा त्याच पाटीत दुसऱ्या कोंबड्या नंतर अंडी घालून गेलेल्या असतात. उबवणीच्या 21 दिवसांचा हिशेब प्रत्येक अंड्याचा वेगळा, पण पहिली पिल्लं चालू लागली की आई त्यांच्यामागे जाणारच.

म्हणून सगळी अंडी एकाच दिवशी मांडा आणि प्रत्येकावर पेन्सिलने खूण करा. बिनखुणेचं अंडं दिसलं की त्याच दिवशी काढायचं. गावठी कोंबडीखाली 10 ते 12 पुरे. जास्त ठेवली तर कडेची आळीपाळीने गार पडतात आणि नुकसान सगळ्यांचंच होतं. अंडी आठवड्याच्या आतली, न धुतलेली, निमुळतं टोक खाली करून गार जागी ठेवलेली हवीत. दुकानातली चालत नाहीत, ती घालणाऱ्या कोंबड्यांजवळ कोंबडा नसतो, म्हणून त्यातून पिल्लू निघत नाही.

कोंबडीला रात्री हलवा, दिवसा हलवली तर जुन्या जागी पळते. बसवण्याआधी पंखांखाली उवा बघा. उवांनी बेजार झालेली कोंबडी टिकून बसत नाही. दाणा-पाणी जवळच असू द्या, रोज 15-20 मिनिटं उठली तरी बिघडत नाही.

सातव्या-आठव्या रात्री बॅटरीवर अंडी बघा: शिरांचं जाळं दिसलं तर ठेवा, आरपार स्वच्छ दिसलं तर काढा. अठराव्या दिवसानंतर मात्र हात लावू नका. पिल्लाने आतून टोचा मारलेलं अंडं सोलायची घाई तर अजिबात नको, रक्तस्राव होऊन पिल्लू दगावतं.