मदत हवी आहे: ट्रान्सक्रिप्शन थांबते की एमआरएनए नष्ट होतो?

कोथरूडकर: नमस्कार. मी पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करतो. माझ्या प्रकल्पातील लहान आरएनएचे प्रमाण वाढले, की लक्ष्य जनुकाचा एमआरएनए (प्रथिन बनवण्यासाठीची जनुकाची आरएनए प्रत) क्यूपीसीआर या प्रमाण मोजणाऱ्या चाचणीत जवळजवळ दिसेनासा होतो. यावरून 'हा आरएनए ट्रान्सक्रिप्शन (डीएनएवरून आरएनए बनणे) थांबवतो' असे लिहिता येईल का? मसुदा सोमवारी द्यायचा आहे, कृपया लवकर सांगावे.

पेठकरी: जिवाणू कोणता, आरएनए कोणता आणि तो वाढवला कसा, हे कळल्याशिवाय उत्तर कसे देणार?

जिज्ञासू: आधी डायसर आणि आर्गोनॉट ही प्रथिने समजून घ्यावीत. 2006 चे नोबेल आरएनए इंटरफिअरन्सलाच (लहान आरएनएंनी जनुके गप्प करण्याच्या प्रक्रियेला) मिळाले होते.

पेठकरी: ते काम सूत्रकृमींवरचे होते. ई. कोलायमध्ये डायसर नसतो. तेथे बहुतेक वेळा एचएफक्यू हे प्रथिन दोन आरएनएंची जोडी जुळवते.

कोथरूडकर: ई. कोलायच आहे. लहान आरएनए आरवायएचबी, लक्ष्य सॉडबी जनुक. आरवायएचबी वाढवण्यासाठी डायपिरिडिल हे लोह बांधणारे रसायन घालून लोह कमी केले.

सिंहगडरोड: सिक्स-एस आरएनए पाहा. ई. कोलायमधील हा 184 न्यूक्लिओटाइडांचा रेणू उघडलेल्या प्रमोटरसारखी (ट्रान्सक्रिप्शन जिथून सुरू होते त्या डीएनए भागासारखी) घडी घेतो आणि सिग्मा-70 हे प्रमोटर ओळखणारे प्रथिन धारण केलेल्या आरएनए पॉलिमरेजलाच, म्हणजे ट्रान्सक्रिप्शन करणाऱ्या विकरालाच, अडकवून ठेवतो. ट्रान्सक्रिप्शनच्या थेट नियमनाचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

औंधची मीनल: उदाहरण उत्तम आहे, परंतु प्रश्न आरवायएचबीचा आहे. सुमारे 90 न्यूक्लिओटाइडांचा हा आरएनए सॉडबीच्या एमआरएनएवर रायबोसोम बसतो त्या जागेजवळ जुळतो, त्यामुळे प्रथिननिर्मिती अडते आणि आरएनेज-ई हे विकर तो एमआरएनए तोडते. शिवाय लोह कमी केले की फर या लोहानुसार जनुके नियंत्रित करणाऱ्या प्रथिनाच्या ताब्यातील इतर जनुकेही बदलतात, म्हणून आरवायएचबी अरॅबिनोज या साखरेने चालू होणाऱ्या प्रमोटरवरून तयार करावा आणि मग रिफॅम्पिसिन हे नवे ट्रान्सक्रिप्शन रोखणारे प्रतिजैविक घालून दर काही मिनिटांनी नमुने घ्यावेत. आरवायएचबी असताना एमआरएनए अधिक वेगाने घटला, तर तो नष्ट होतो आहे हे दिसेल.

सिंहगडरोड: मीनलताई, रिफॅम्पिसिन केवळ सुरुवात रोखते, सुरू झालेले ट्रान्सक्रिप्शन मध्येच तुटते का, हे त्यातून कळत नाही. साल्मोनेलात चिक्स हा लहान आरएनए चिपी जनुकाच्या एमआरएनएवर रायबोसोम बसू देत नाही, तेव्हा रो प्रथिन ट्रान्सक्रिप्शन जनुकाच्या आतच संपवते आणि पुढच्या जनुकांचाही आरएनए घटतो. तुमचे क्यूपीसीआरचे प्रायमर (कोणता भाग मोजायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) जनुकाच्या कोणत्या टोकाचे आहेत?

कोथरूडकर: शेवटच्या टोकाचे.

औंधची मीनल: मग सुरुवातीच्या टोकाचे प्रायमरही मागवा, आणि सॉडबीचा फक्त प्रमोटर लॅकझेड या सहज मोजता येणाऱ्या जनुकाला जोडून त्याची क्रिया वेगळी मोजा. तोपर्यंत मसुद्यात 'एमआरएनएची पातळी घटते' एवढेच लिहा.