संक्रांत ते रथसप्तमी : हळदीकुंकू घरोघरी की सगळ्यांचं मिळून एकाच संध्याकाळी?

वाघोडिया रोडची सून

यंदा, २०२६ मध्ये, संक्रांत बुधवारी, १४ जानेवारीला, आणि रथसप्तमी २५ जानेवारीला, रविवारी. २०२४ साली रथसप्तमी १६ फेब्रुवारीला आली होती, २०२५ मध्ये ४ फेब्रुवारीला. तेव्हा हळदीकुंकवाला ऐसपैस दिवस मिळाले. यंदा सगळे मिळून बारा दिवस, आणि त्यात १८ आणि २५ हे दोनच रविवार.

त्या बारा दिवसांत बडोद्यात काय काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. १४ आणि १५ला उत्तरायण नि वासी उत्तरायण, ते पतंगांचे दोन दिवस अख्खं शहर अगाशीवर, म्हणजे गच्चीवर. घरात लहान मूल असेल तर बोरन्हाण. कोणाच्या तरी शेतावर पोंक, म्हणजे हुरडा, खायला जायचं ठरलेलं असतं. २६ तारीख सोमवारी, म्हणजे शनिवारी सुट्टी असणाऱ्यांना सलग तीन दिवस मोकळे. पुण्या-मुंबईची भावंडं अशाच सुट्टीत येतात आणि त्यांना घेऊन पावागढच्या डोंगरावर नाहीतर वढवाण्याच्या तलावावर जायचं असतं.

म्हणून माझं म्हणणं असं : एका भागातल्या मराठी घरांनी मिळून एकच हळदीकुंकू करावं. रविवार १८ तारीख, सोसायटीचा हॉल, संध्याकाळी पाच ते आठ. ज्यांना वाण द्यायचंय त्यांनी तिथेच द्यावं. बोरन्हाणही तिथेच, म्हणजे मुलं येतील, पुरुष येतील, शेजारच्या गुजराती मैत्रिणीही येतील. बाकीच्या संध्याकाळी घरच्यांसाठी आणि मित्रमैत्रिणींसाठी राहतील.

घरोघरीच्या फेरीत हल्ली काय होतं ते स्पष्टच लिहिते. ऑफिसातून येऊन साडी नेसायची, एका संध्याकाळी जमतील तितकी घरं घ्यायची. कुंकू, अत्तर, गुलाबपाणी, तिळगूळ, वाण पिशवीत, आणि ‘अजून चार घरं राहिलीत हो’ म्हणत चपला घालायच्या. जिच्याकडे गेलो तिच्याशी धड दोन वाक्यं होत नाहीत. तोवर मुलं घरी मोबाईल घेऊन बसलेली. याला भेट म्हणायचं?

दांडिया बाजारच्या काकू

तुझी धावपळ मला दिसते बाई, पण उपाय पटत नाही.

लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा मला इथलं एक माणूस ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी पहिल्या संक्रांतीला बरोबर घेऊन पोळीतली, म्हणजे आमच्या जुन्या गल्लीतली, सगळी घरं फिरवली. कोणाच्या जिन्याला कठडा नाही, कोणाकडे पलंगावर सासरे आजारी आहेत, कोणाची मुलगी दहावीला आहे, हे सगळं त्या एका फेरीत कळलं. पुढे अडीअडचणीला मी ज्या दारांवर थाप मारली ती हीच दारं. हॉलमध्ये सगळ्याजणी नटूनथटून येतात, बायका दिसतात, त्यांची घरं दिसत नाहीत.

आणि हॉलमध्ये काय होणार तेही मी पाहिलंय. माईक येतो. माईक आला की कोणीतरी खेळ घेणार, उखाण्यांची स्पर्धा लावणार, बक्षिसं काढणार. मग खाण्याच्या प्लेटी, मग फोटोसाठी रांगा. तीन तास बसून शेजारणीशीसुद्धा बोलता येत नाही, कारण कानाशी आवाज चालू. मुकाट्याने बसून समारंभ बघायला संक्रांत कशाला हवी?

ज्या बायका घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांचं काय, हा माझा मुख्य मुद्दा. आमच्या समोर एक आजी आहेत, नव्वदीच्या पुढच्या. वर्षभर त्यांच्याकडे डॉक्टर, बाई आणि मुलगा एवढेच येतात. संक्रांतीनंतरच्या दिवसांत त्यांच्या खोलीत रोज कोणी ना कोणी तिळगूळ घेऊन येतं. त्या दुपारपासून स्वच्छ पातळ नेसून बसतात. तुमच्या हॉलमध्ये त्या कशा येणार?

फिरकीवाला, मांजलपूर

पुरुषाने यात बोलावं की नाही माहीत नाही, पण या महिन्याचा ताण आम्हीही बघतो, म्हणून लिहितो.

उत्तरायणाला कोणी कोणाला रीतसर आमंत्रण देतं का? एका अगाशीवर चार बिऱ्हाडं, त्यांचे पाहुणे, पाहुण्यांचे मित्र. एक उंधियू आणतो, एक जिलबी, एकीकडून तिळाची चिक्की येते. आजोबा फिरकी धरून उन्हात बसलेले, नात पतंगाला कन्नी बांधायला शिकतेय. पेच कुठल्याही घराने काटला तरी ओरडतात सगळे. बडोद्यातल्या मराठी माणसाला गुजराती शेजारी खऱ्या अर्थाने मिळाला असेल तर तो अगाशीवर. हे सगळं सामूहिकच आहे, आणि त्यात जिव्हाळा कमी आहे असं कोणी म्हणणार नाही. मग हळदीकुंकू एकत्र केलं की ते लगेच कोरडं का होईल? माईक नको असेल तर माईक आणू नका.

विषय निघालाच आहे तर : चायनीज मांजा कोणीही घेऊ नका, तो बंदी असलेला आहे. पहाटे आणि संध्याकाळी पक्षी घरट्यातून निघतात नि परततात, त्या वेळी पतंग खाली ठेवा. जखमी पक्ष्यांसाठी गुजरातेत १० ते २० जानेवारी करुणा अभियान चालतं. पक्षी सापडला तर पाणी पाजत बसू नका, खोक्यात अंधारात ठेवा आणि लगेच केंद्रावर पोचवा.

सुभानपुरा

एकत्रच करा. वाणाचा खर्च तरी आटोक्यात येईल. दरवर्षी प्लास्टिकचे डबे, चाळण्या, साबणाच्या डब्या घरात येतात आणि पुढच्या वर्षी त्याच दुसरीकडे जातात. वाती, हिंग, सुपारी, गूळ असं वापरून संपणारं काहीतरी ठरवून द्या.

दांडिया बाजारच्या काकू

@सुभानपुरा, वाती आणि गूळ घरोघरीही देता येतो. त्यासाठी हॉल लागत नाही.

@फिरकीवाला, तुमचं अगाशीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. अगाशी ही कोणाची तरी घरची असते. तिथे जायला त्या घराचा जिना चढावा लागतो, त्यांच्या स्वयंपाकघरातलं पाणी प्यावं लागतं. उत्तरायण भाड्याच्या मैदानावर नेऊन बघा बरं, किती दिवस त्यात असा जीव राहतो ते.

कारेलीबाग

मी एरवी अशा चर्चांमध्ये लिहीत नाही. आज लिहिते.

ह्यांना जाऊन काही वर्षं झाली. तोपर्यंत या बारा-पंधरा दिवसांत मीही सगळ्यांसारखी फिरत होते. त्यानंतर बोलावणं थांबलं. कोणी वाईट वागलं नाही. उलट समोर आल्या की सगळ्याजणी प्रेमाने बोलतात, डब्यात तिळाच्या वड्या पाठवतात. पण संध्याकाळी जिन्यावर बांगड्यांचा आवाज येतो, शेजारची बेल वाजते, माझी वाजत नाही. महिनाभर सगळ्यांच्या आनंदाची वर्णनं लिहिता, त्यात माझ्यासारख्या किती घरांत दिवे लवकर मालवतात हे कोणी मोजलंय?

काकू, तुमच्या समोरच्या आजींविषयी वाचून बरं वाटलं. पण घरोघरीची पद्धत माणसं जोडते असं तुम्ही म्हणता, तेव्हा ती कोणाला वगळून जोडते तेही पाहा. हॉलमध्ये ‘सर्व महिलांना आमंत्रण’ असा एक कागद लावला तर निदान मला आत येता येईल. ज्यांना कुंकू लावायचं त्यांनी लावावं, मला फूल द्या, तिळगूळ द्या, बसायला जागा द्या.

२०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. एवढंसं गाव ते करू शकतं. आपण तर सयाजीरावांच्या राजधानीत राहतो.

फतेगंज

कारेलीबागताई, तुमचं बोलणं शंभर टक्के खरं आहे, आणि म्हणूनच मी हॉलच्या विरोधात आहे.

हॉलच्या दारावर कागद लावणं सोपं. आत गेल्यावर करंडा घेऊन फिरणारी बाई तुमच्यापुढे येऊन अडखळेल, शेजारचीला लावून पुढे सरकेल, आणि ते पन्नास जणींच्या देखत होईल. मी असा प्रसंग डोळ्यांनी पाहिला आहे. ती बाई पुढल्या वर्षी आली नाही. समारंभ सगळ्यांचा असला की जबाबदारी कोणाचीच नसते. आपल्या घरी मात्र यजमान मी असते. माझ्या उंबऱ्याच्या आत कोणाला बोलवायचं आणि कसा मान द्यायचा हे मी ठरवते, तिथे मला कमिटीची परवानगी लागत नाही. आमच्याकडे माझ्या विधवा नणंदबाई स्वतः सगळ्यांना वाण देतात. पहिल्या वर्षी दोघीजणी कुजबुजल्या. आता त्याच नणंदबाईंना आपल्याकडे बोलावतात.

सयाजीरावांच्या पत्नी महाराणी चिमणाबाई १९२७ साली अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. त्यांच्या गावात राहणाऱ्या बाईने स्वतःच्या दिवाणखान्यापासून सुरुवात करायला हरकत नाही.

समा-सावली

सहलीबद्दल कोणीच नीट बोलत नाहीये, आणि मूळ धाग्यात तो अर्धा विषय होता.

जानेवारी हा आपल्याकडे बाहेर पडायचा महिना आहे. वढवाण्याचा तलाव डभोई तालुक्यात, सकाळी लवकर निघालं तर दुपारच्या जेवणाला घरी. बडोदा संस्थानाने शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव २०२१ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला. थंडीत तिथे हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हंस उतरतात, चक्रवाकांच्या जोड्या असतात. मुलांना दुर्बीण द्या आणि पाळीवर बसवा, फोन मागणार नाहीत. मार्च उजाडला की पक्षी गेले, ऊनही सोसत नाही. पावागढच्या पायथ्याच्या चांपानेरचंही तसंच. पावागढला रोपवेने वर जाऊन दर्शन घेतात आणि खालची जामा मशीद, ते कोट, त्या विहिरी न बघता परत येतात. त्या परिसराला २००४ पासून जागतिक वारशाचा दर्जा आहे आणि तो पायीच बघायचा असतो, त्याला अख्खा दिवस लागतो. लांब जायचं नसेल तर कमाटीबागेतलं म्युझियम आहे. देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी पाहिलेली नाही अशी कितीतरी बडोद्याची मुलं मला माहीत आहेत.

रविवार दोनच. ते संध्याकाळच्या तयारीत घालवले तर हे कधी दाखवायचं? म्हणून मी धागाकर्तीच्या बाजूने.

दांडिया बाजारच्या काकू

सकाळी हंस बघून दुपारी घरी येता ना? मग संध्याकाळ उरतेच की. आणि हळदीकुंकू रविवारीच करायचं असा दंडक कोणी घातला? बुधवार, गुरुवार काय वाईट?

गोत्री रोड, नवीन

मी बडोद्यात वर्षभरापूर्वीच आले, नवऱ्याच्या नोकरीमुळे. आमच्या इमारतीत मराठी दोनच घरं. घरोघरी जायचं तर जायचं कुठे? मला कोणी ओळखत नाही, तर बोलावणार कोण? हॉलमध्ये झालं तर मी मुलीला घेऊन नक्की येईन. तिचं बोरन्हाण करायचं राहिलंय, आणि एकटीने पाच मुलं गोळा करणं जमेना.

वाघोडिया रोडची सून

सगळं वाचलं. माझं मत बदललेलं नाही, पण योजनेत तीन गोष्टी घालते.

एक, माईक नाही, स्पर्धा नाहीत, मंच नाही. सतरंज्या घालून बसायचं. बोरन्हाण तेवढं मधोमध, ते मुलांसाठी. दोन, कारेलीबागताईंनी म्हटलं तसं आमंत्रण सर्व महिलांना, आणि फतेगंजताईंचा आक्षेप खरा असल्यामुळे करंडा फिरवणार नाही. दाराशी कुंकू, फुलं आणि तिळगूळ मांडून ठेवू. ज्याची त्याने आपल्या हाताने घ्यावीत. कोणी कोणापुढे अडखळणार नाही. तीन, जिना उतरू न शकणाऱ्या आजींकडे आम्ही दोघी-तिघी मिळून हॉलमध्ये यायच्या आधी जाऊ.

पण काकू, बुधवार-गुरुवार म्हणताना नोकरी करणाऱ्या बाईचा विचार करा. तुमच्या वेळी पोळीत चार पावलांवर घरं होती. आज एक मैत्रीण समाला, एक मकरपुऱ्याला. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये ही फेरी जिवावर येते, आणि जिवावर आलेला आनंद मुलीला आनंद म्हणून शिकवता येत नाही.

कारेलीबाग

आपल्या हाताने घ्यायचं, हे चांगलं. मी येते. सोबत आमच्या मजल्यावरच्या आणखी एक बाई येतील, त्याही माझ्यासारख्याच.

फतेगंज

दाराशी करंडा मांडून ठेवायचा म्हणजे कोणी कोणाला कुंकू लावायचंच नाही. मग मानाचं काय राहिलं? आमच्या नणंदबाईंना दुसरीने आपल्या हाताने तिळगूळ दिला, जवळ बसवलं, त्यात सगळं आलं. मी येईन, पण टेबलावरून उचलणार नाही. कारेलीबागताईंना तिळगूळ मी देणार.

दांडिया बाजारच्या काकू

दोघी-तिघी घाईघाईने हॉलला जायच्या आधी आजींकडे डोकावणार, त्याला मी भेट म्हणत नाही. त्यांना एकेक माणूस हवं असतं, दहा मिनिटं, खुर्ची ओढून बसणारं.

१८ला मी येईन. बोरन्हाणासाठी चुरमुरे, बोरं, हरभरे, हलवा माझ्याकडून. गोत्रीवाल्या मुलीला सांगा, तिच्या लेकीला हलव्याचे दागिने नसतील तर आमच्याकडचे घालू.

पण घरचं हळदीकुंकू मी मोडणार नाही. गुरुवार, २२ तारीख, पाच ते नऊ. दांडिया बाजारात राहणाऱ्यांनी नऊ वाजता आलं तरी चालेल, आणि कुंकू न लावणाऱ्यांनी आवर्जून यावं.

वाघोडिया रोडची सून

गुरुवारी मला आठ वाजतील, तरी येते.

हॉलचं भाडं आणि सतरंज्यांचा खर्च वाटून घ्यायचा आहे. किती घरं, किती मुलं, रविवारी ११ तारखेपर्यंत इथेच लिहा. बोरन्हाणाची मुलं पाच वर्षांच्या आतली असतील तर वय लिहा. खाण्याला मी सेव-उसळ सुचवत होते, कोणाला लीलो चिवडा बरा वाटत असेल तर सांगा.