मुलीचं नाव 'यमुना' ठेवलं तर खरंच एवढं जुनाट वाटेल का? बारसं रविवारी आहे, लवकर सांगा

पितळी_वाटी:
नमस्कार मंडळी. लेक आज सात दिवसांची झाली, रविवारी बाराव्या दिवशी बारसं, आणि घरात नावावरून अशी जुंपलीये की बाळापेक्षा आम्हीच जास्त रडतोय.

मला यमुना ठेवायचंय. कारण सांगते. माझ्या आजीचं, म्हणजे आईच्या आईचं नाव सुमती, निदान आम्हा नातवंडांना तेवढंच माहिती. तिची सगळी भांडी, परात, कळशी, लाडवाचे डबे, सगळ्यांवर 'सौ. सुमती' आणि पुढे आडनाव असं टोचून टोचून घातलेलं. ती गेल्यावर मामाने भांडी वाटली तेव्हा माझ्याकडे एक लहानशी पितळेची वाटी आली, तिच्या बुडाला घासून घासून पुसट झालेलं 'कु. यमुना'. आईला विचारलं तर म्हणे अगं ते तिचं माहेरचं, लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने सुमती लिहिलं आणि यमुना संपली. मी पस्तीस वर्षं आजीच्या अंगाखांद्यावर वाढले आणि मला तिचं नाव माहिती नव्हतं हो!

आता विरोधी पक्ष. नणंदेला कियारा नाहीतर अनाया हवंय, आत्या म्हणून कानात नाव सांगायचा मान तिचा, त्यामुळे ती ऐकायला तयार नाही. नवरा म्हणतो तुम्ही दोघी काय ते ठरवा. आणि मला वाटलेलं सासूबाई तरी माझ्या बाजूने असतील, जुनं नाव आहे ना, तर त्या म्हणाल्या "यमुना? अगं आमच्या वाड्यात पाणी भरायला यायची तिचं नाव यमुनाबाई!"

तर सांगा, ठेवू की नको?

खडूस_काका:
नको. बाळ आहे की स्मारक? आजीची आठवण जपायची तर वाटी जपा, पोरीच्या डोक्यावर कशाला ठेवता. आणि यमुनाची यमी व्हायला दोन दिवस लागत नाहीत, इंग्लिश मिडियमच्या शाळेत तर पोरं यम्मी यम्मी करून जीव नकोसा करतील.

अनुभवाने सांगतोय. माझं नाव आजोबांवरून ठेवलं. आता सासऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही म्हणून आईने मला जन्मात नावाने हाक मारली नाही. तिसऱ्या वर्षापासून मी घरात 'आप्पा'. गोट्या खेळताना आई गॅलरीतून ओरडायची आप्पा जेवायला या, अख्खी चाळ हसायची. मेलेल्या माणसांची नावं जिवंत माणसाला द्यायची हौस असते ती देणाऱ्याला, निस्तरतो घेणारा.

पितळी_वाटी:
काका, "आप्पा जेवायला या" वाचून टाके दुखायला लागले, आज सातवाच दिवस आहे 😂

पंचांगवाला:
ताई नक्षत्र कोणतं ते लिहिलं नाहीत. चरणाक्षर बघूनच ठेवावं. यमुना ठेवायचं तर ज्येष्ठा पाहिजे, नो या यी यू. शिवाय नदीचं नाव मुलीला ठेवू नये असं आमच्याकडे जुनी माणसं सांगतात, आयुष्य एका जागी स्थिर राहत नाही म्हणतात. बघा बाकी तुमची इच्छा.

पितळी_वाटी:
नक्षत्र हस्त.

पंचांगवाला:
मग पू ष ण ठ.

खडूस_काका:
झालं मग! ष वरून आणि ण वरून कोणी शोधून दाखवा, चहा माझ्याकडून. ठ वरून ठमा आहे. ठमाबाई ठेवा, याहून क्लासिक काही मिळणार नाही.

निळी_शाई:
काका ठमा भारी आहे, पण पू वरून पूर्वा पूजा आहेत की, आणि तसंही नावरस नाव पत्रिकेपुरतं लिहितात, हाक मारायचं वेगळं असतं, निम्म्या महाराष्ट्राचं असंच आहे.

मला बोलायचंय ते नदीच्या नावाबद्दल. 'जुनी माणसं सांगतात' त्याचं मूळ कुठे आहे माहितीये? मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्लोक आहे, जिचं नाव नक्षत्राचं, झाडाचं, नदीचं असेल अशी मुलगी बायको करू नये. त्या हिशोबाने रोहिणी, रेवती, तुळशी, गंगा, गोदावरी, कृष्णा, चंद्रभागा सगळ्या बाद! आपल्या पणज्यांच्या पिढीतली निम्मी बायकामाणसं बाद. म्हणजे लोकांनी तेव्हाही तो श्लोक फाट्यावर मारला होता, मग आता आपणच का उकरून काढायचा?

आणि यमुना हे नाव पुसलं जाणं फक्त तुमच्या आजीच्या बाबतीत झालेलं नाही. आनंदीबाई जोशी, 1886 साली अमेरिकेतून डॉक्टर झाल्या त्या, त्यांचं माहेरचं नाव यमुना. रमाबाई रानडे, सेवासदनवाल्या, त्यांचंही माहेरचं यमुनाच. महर्षी कर्व्यांच्या आनंदीबाई, ज्यांना सगळे बाया कर्वे म्हणतात, त्या आधी गोदूबाई. सुधारकांच्या घरी ही तऱ्हा, त्यांनी बायकोला शिकवलं पण नाव आधी बदललं. त्यामुळे माझं मत एकशे एक टक्के यमुना.

खडूस_काका:
त्या आनंदीबाई म्हणून गाजल्याच ना? नाव बदललं म्हणून काय अडलं?

निळी_शाई:
काका तुम्हाला लग्नात कोणी पुष्पराज केलं असतं आणि गॅसच्या पुस्तकापासून रेशनकार्डापर्यंत तेच लागलं असतं तर विचारलं असतं काय अडलं ते.

खडूस_काका:
आप्पापेक्षा पुष्पराज बरं.

टोरांटोतली_ठाणेकर:
बाहेर राहणाऱ्यांच्या बाजूने दोन शब्द. आम्ही हौसेने लेकीचं नाव ज्ञानदा ठेवलं, स्पेलिंग आपल्या मराठी पद्धतीने डी एन वाय वरून. इथे डॉक्टरकडे नंबर आला की नर्स दार उघडून कागदाकडे बघते, थांबते, तेव्हाच मी उठते, कळतं आपलाच नंबर. हिंदीवाल्या मैत्रिणी ग्यानदा म्हणतात. मैत्रिणीची मंजुळा आहे, ती तर स्पेलिंगमध्ये ळ गमावून कायमची मंजुला झाली. त्या मानाने यमुना सहा अक्षरी सोपं स्पेलिंग, कोणीही नीट म्हणेल. जुन्या नावांना आउटडेटेड म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्या, जोडाक्षरांची फॅन्सी संस्कृत नावं जास्त त्रास देतात.

रातराणी:
मी नणंदेच्या बाजूने आहे, आता घाला शिव्या.

तुम्ही सगळे 'क्लासिक' म्हणताय ना, पण जरा त्या वाटीचाच विचार करा. यमुनाची सुमती का केली असेल सासरच्यांनी? यमुना त्यांना जुनं, गावंढळ वाटलं असणार आणि सुमती, शालिनी, मालती, नलिनी ही तेव्हाची शिकलेल्या घरातली नवी नावं. म्हणजे सुमती हे त्या काळचं कियाराच की! आज आपल्याला सुमती पण जुनं वाटतं. अजून साठ वर्षांनी कियाराआजी अंगणात वाळवणं घालत बसलेली असेल आणि तिची नात म्हणेल अय्या किती क्लासिक नाव. नव्या नावांना अर्थ नाही अर्थ नाही म्हणून लोक ओरडतात, पण हाक मारताना अर्थ कोण बघतं? आणि आत्याला मान द्यायचा म्हणता आणि नाव मात्र तुम्ही लिहून देणार, मग तिने फक्त कुर्रर्र करायचं का?

पितळी_वाटी:
सुमती म्हणजे तेव्हाचं कियारा, हे मात्र लागलं मनाला. दुपारपासून तेच डोक्यात घोळतंय. पण फरक एक आहे ना, कियारा बाळाला पहिल्यांदा मिळणार आहे, सुमती आजीला आधीचं काढून घेऊन दिलं होतं.

सांगलीची_हळद:
मला एक कळत नाही, क्लासिक म्हणजे नक्की कुणाचं क्लासिक? सई, रमा, मुक्ता, मीरा, जुई ही परत आली, छान. माझ्या आजीचं नाव धोंडाबाई. तिच्या आधीची तीन पोरं गेली म्हणून देवाने दगड समजून हिला तरी सोडावं म्हणून धोंडी. तिची चुलत बहीण नकुसा, पाचवी मुलगी म्हणून. नकुसा कधी ट्रेंडमध्ये येणार? 2011 मध्ये साताऱ्यात प्रशासनाने कार्यक्रम घेऊन अशा अडीचशेच्या वर नकोशींना नवीन नावं दिली, म्हणजे ही काही फार जुनी गोष्ट नाही, त्या मुली आज बायका असतील कुठेतरी. जुन्या नावांचं कौतुक ज्यांच्या घरात जुनी नावं गोड होती त्यांना. नव्या नावाची हौस आमच्या पोरींना का असते ते जरा यावरून समजून घ्या, माझ्या पुतणीचं नाव शनाया आहे आणि धोंडाबाईने स्वतः पाळण्यात घातलंय तिला.

तरी ताई तुम्हाला माझं मत यमुनाच. फक्त सासूबाईंना एकदा विचारा, त्यांना नाव नको वाटतंय की ती पाणी भरणारी बाई?

आयटीवाला_बाबा:
भावना वगैरे चालू द्या, मी कामाचं सांगतो कारण मी नुकताच यातून गेलोय. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची, ती हॉस्पिटल करतं, पण नाव तेव्हाच दिलं पाहिजे असं काही नाही. नावाशिवाय नोंद होते आणि एक वर्षाच्या आत नाव फुकट घालून मिळतं, त्यानंतर फी भरून 15 वर्षांपर्यंत. पण एकदा घातलं की बदलायला लई चकरा, आणि 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांना शाळा पासपोर्ट सगळ्याला जन्मतारखेसाठी हाच दाखला लागतो, म्हणून घाई करू नका. स्पेलिंग चारदा तपासा, आमच्या वेळी ऑपरेटरने एक ए जास्तीचा दिला, तो काढायला माझ्या दोन सुट्ट्या गेल्या.

अजून एक, 1 मे 2024 पासून राज्याच्या सरकारी कागदपत्रांत बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. तो पूर्ण मोठ्याने म्हणून बघा. आमचं आधीचं ठरलेलं नाव पाच अक्षरी होतं, चार नावं मिळून लग्नपत्रिका वाचल्यासारखं वाटायला लागलं, म्हणून शेवटी आर्या. बालवाडीत चार आर्या निघाल्या, बाईंनी त्यांना नंबर दिलेत. आमची आर्या तीन.

खडूस_काका:
आर्या तीन 😂 म्हणजे आर्या विंग बी, फ्लॅट तीन. बरं, यमुना एकवेळ चालेल पण घरात यमी करू नका एवढंच माझं म्हणणं आहे.

पितळी_वाटी:
अपडेट देते. सासूबाईंना विचारलं. आधी चिडल्या, मग थोड्या वेळाने शेक द्यायला शेगडी घेऊन आल्या तेव्हा आपणहून बोलल्या. ती यमुनाबाई वाड्यातली पाणी भरणारी, सासूबाईंच्या पहिल्या बाळंतपणात, म्हणजे माझ्या नणंदेच्या जन्माच्या वेळी, रात्री अडीचला टांगा बघायला तीच पळाली होती म्हणे. पुढे काही बोलल्या नाहीत, ओव्याची पुरचुंडी शेगडीवर फिरवत बसल्या. नावाला हो नाही म्हणाल्या आणि नको पण नाही म्हणाल्या.

मी हे नणंदेला फोनवर सांगितलं. ती म्हणाली बघते, कानात काय सांगायचं ते माझं मी रविवारी ठरवीन, आणि ठेवला. दाखल्यावरची नावाची जागा तूर्तास मोकळी ठेवतोय, वर्ष आहे हातात.

रातराणी:
आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा. आणि तोपर्यंत बाळाला हाक काय मारताय?

पितळी_वाटी:
तेच तर. काल नवऱ्याने हा धागा सासूबाईंना वाचून दाखवला. सकाळपासून त्या तिला ठमे ठमे करतायत, आणि ती बघते पण.