मदत हवी आहे: बिल्ला देऊन ठेवून घेतलेली पिशवी दुकानातून गेली, जबाबदार कोण?

नमस्कार मंडळी. प्रकरण माझ्या मावशीचं आहे. ती फार खचली आहे, म्हणून तिच्या वतीनं मी विचारतेय.

मावशी इंदूरला सुदामा नगरात राहते. मुलीच्या लग्नाच्या खरेदीसाठी राजवाड्याकडे गेली होती. एका दुकानातून दोन माहेश्वरी साड्या घेतल्या, सराफ्यातून चांदीची अत्तरदाणी आणि जोडवी. सगळं एका कापडी पिशवीत होतं. मग आहेराच्या साड्या बघायला दुसऱ्या एका मोठ्या दुकानात गेली. दारातच काउंटरवरच्या मुलानं अडवलं, "आंटीजी, थैली यहाँ जमा कर दीजिए." पिशवी आत नेऊच देत नाहीत. त्यानं ती मागच्या खणात ठेवली आणि पितळी बिल्ला दिला.

साड्या घेऊन, पैसे चुकते करून, पक्कं बिल घेऊन मावशी बाहेर आली तर खण रिकामा. कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतंय की काउंटरवर कुणी नसताना एक बाई आली आणि पिशवी उचलून निघून गेली. मावशीचा बिल्ला अजून मावशीकडेच आहे.

मालक भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवतो: "सामान की जिम्मेदारी ग्राहक की स्वयं की होगी." वर विचारतो, आत चांदी आहे हे सांगितलं होतं का? पुढच्या खरेदीवर सूट देतो म्हणाला. ठाण्यात अर्ज घेतला, एफआयआर केली नाही. घरचेही तिलाच बोलतात की चांदी घेऊन बाजारात फिरायचंच कशाला. मला हे अजिबात पटत नाही. पिशवी तिनं विसरली नाही, कुठे टाकून दिली नाही, त्यांनी मागून घेतली. त्या पाटीला कायद्यात काही अर्थ आहे का? आणि चांदीचं काय?

राजेंद्रनगरकर: ताई, वाईट वाटलं वाचून. पण पाटी लावली होती ना? मग दुकानदाराला कसं धरणार?

काळा कोट: वकिली करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी हे बघायचं की वस्तू कुणाच्या ताब्यात होती. १९३८ चा मद्रास उच्च न्यायालयाचा एक निकाल आम्हाला कॉलेजात शिकवतात. एक बाई सोनाराकडे दागिने घडवायला द्यायची. रोज संध्याकाळी अर्धवट झालेले दागिने त्याच्याच दुकानातल्या पेटीत ठेवायची, पण किल्ली स्वतः घेऊन जायची. चोरी झाली आणि बाई हरली, कारण किल्ली तिच्याकडे म्हणजे ताबाही तिचाच. मावशींनी पिशवी आत नेऊन पायाशी ठेवली असती तर त्यांची बाजू अशीच लंगडी पडली असती. इथे उलट आहे. दुकानानं पिशवी हातात घेतली, आपल्या खणात ठेवली, खूण म्हणून बिल्ला दिला. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १४८ मध्ये, म्हणजे वस्तू परत करण्याच्या बोलीवर ठेवून घेण्याच्या (निक्षेपाच्या) व्याख्येत बसणारा हा व्यवहार आहे. कलम १५१ सांगतं की सर्वसाधारण समजूतदार माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या तशा वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी ठेवून घेणाऱ्यानं घ्यायलाच हवी. ठेवण्याचे पैसे घेतले नव्हते, ही सबब तिथे चालत नाही. एवढी काळजी घेतली असेल तर कलम १५२ प्रमाणे तो सुटतो. पण काउंटर रिकामं सोडलं आणि बिल्ला न बघता पिशवी गेली, याला काळजी कोण म्हणेल?

आता पाटी. दिल्लीच्या ताज महाल हॉटेलचं प्रकरण बघा. १९९८ मध्ये पाहुण्यानं गाडीची किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिली, दुसरंच कुणी ती किल्ली उचलून गाडी घेऊन गेलं. पावतीवर छापलं होतं की गाडी मालकाच्या जोखमीवर. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आपल्या किंवा नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी असं छापून झटकता येत नाही, आणि वस्तू परत देता आली नाही तर काळजी घेतली होती हे हॉटेलनं दाखवायचं. तुमचं प्रकरण याच वळणाचं आहे.

चांदीवरून मात्र वाद होईल. आत काय आहे हे माहीत नव्हतं, असं ते म्हणणारच. म्हणून सराफाचं बिल सोडू नका. साड्यांची भरपाई तुलनेनं सोपी वाटते.

राजेंद्रनगरकर: हे माहीत नव्हतं. मावशींनी ठामपणे उभं राहावं.

हिशेबनीस: मी बरीच वर्षं कापड दुकानात हिशेब लिहिले. ताई, कॅमेऱ्याचं आधी बघा! जुन्या रेकॉर्डिंगवर आपोआप नवं चढतं. त्या दिवसाचं जपून ठेवा असं लेखी पत्र आजच द्या, प्रतीवर पोच घ्या. पत्र घेत नसतील तर स्पीड पोस्टनं पाठवा. मूळ बिल्ला कुणाच्याही हातात देऊ नका, फोटो दाखवा. आणि ती सूट घेऊ नका, नंतर म्हणतील की मिटलं होतं.

काळा कोट: अगदी बरोबर. पोलिसांचं म्हणाल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १७३(४) प्रमाणे तक्रार लेखी स्वरूपात वरिष्ठांकडे टपालानं पाठवता येते. इंदूरला आता पोलीस आयुक्तालय आहे, तेव्हा त्या भागाच्या उपायुक्तांच्या नावे पाठवा. चोर सापडो न सापडो, दुकानाची जबाबदारी वेगळी राहते. मालकाला नोटीस द्या. उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं आहे, एवढ्या रकमेला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. त्याच दुकानातल्या साड्यांचं बिल जोडायला विसरू नका, मावशी त्यांच्या ग्राहक होत्या हे त्यावरूनच सिद्ध होतं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीत तरी हरकत नाही.

सर्वांचे मनापासून आभार. मावशीला सगळं वाचून दाखवलं. कॅमेऱ्याचं पत्र लिहून झालंय, उद्या मी स्वतः तिच्याबरोबर जाते. माहेश्वरीचं बिल सापडलं. सराफानं कच्च्या कागदावर रक्कम लिहून दिली होती, तो त्याच तारखेचं पक्कं बिल द्यायला तयार आहे, त्याच्या वहीत विक्रीची नोंद आहे म्हणे. काका, असं नंतर दिलेलं बिल आयोगात चालेल की वहीच्या पानाची प्रत मागू?

काळा कोट: दोन्ही घ्या. बिलावर आजचीच तारीख राहू द्या, मागची घालू नका. विक्री कुठल्या दिवशी झाली ते सराफाकडून वेगळ्या पत्रावर सहीनिशी लिहून घ्या.