मुठीवरचा लांडगा: खरा हवा की नुसता देखणा?

सुईवाला (धागाकर्ता)
उंटाच्या हाडाच्या मुठीवर सुईने टोचून चित्र काढायचा नाद मला सहा वर्षांपासून आहे. हाड पॉलिश पेपरने आरशासारखं करायचं, टिंबाटिंबांनी टोचायचं, वरून काळी शाई चोळून पुसायची. टोचलं तिथेच शाई राहते. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाला चाकूवर लांडगा करून दिला. मानेभोवती भरगच्च आयाळ, निळे डोळे (तेवढाच रंग भरला होता), दात विचकलेले. नेटवरचा एक फोटो समोर ठेवला होता. मेणाचा हात फिरवत होतो तेवढ्यात नान्नजकडचे मामा आले. त्यांचा जन्म मेंढरांमागे गेला. मूठ उन्हात धरून म्हणाले, "कुत्रं झ्याक काढलंस."

त्या दिवसापासून माझं मत असं: कुत्रा किंवा लांडगा काढायचा तर अंगलट खरी हवी. मोठ्या लांडग्याचे डोळे पिवळसर असतात. निळे असतात पिल्लांचे, नाहीतर हस्की जातीच्या कुत्र्यांचे. आणि आपल्या माळावरचा लांडगा बर्फातल्या भावकीपेक्षा अंगाने निम्मा. वजन वीसेक किलो, पाय लांब, छाती अरुंद. उन्हाळ्यात लव इतकी विरळ होते की कानच आधी नजरेत भरतात. शेपूट खाली सोडलेली. ती पाठीवर वळवली की झालं कुत्रं.

पटतंय का?

पार्क चौपाटी
नाही पटत. मूठ म्हणजे प्राणिशास्त्राचं पुस्तक नव्हे. जर्मनीत पासाऊच्या कारागिरांनी मध्ययुगात तलवारीच्या पात्यांवर धावता लांडगा कोरला, तो मोजक्या रेघांचा. कोरीव रेघांत पितळ ठोकलेलं. डुक्कर म्हणा, चालून जाईल. तरी ती खूण इतकी नावाजली की पुढे जोलिंगन या दुसऱ्या जर्मन शहरातल्या पातीवाल्यांनी उचलली. लांब कशाला, आजीचा अडकित्ता आठवा. त्यावरच्या पोपटाची पिसं कोणी मोजली होती?

सुईवाला
पोपट ओळखू तरी येतो ना! चार रेघांचा लांडगा आपण चार रेघांचा आहोत हे लपवत नाही. मी केस न् केस काढून शेवटी हस्की केला. दुखणं ते आहे.

हुरडा स्पेशल
काय बे सुईवाल्या, गिऱ्हाइकानं पैसे दिले का नाय? दिले ना? मग मामाचं कशाला मनावर घेतो. गिऱ्हाइकाला दात पायजेत. तोंड मिटलेला लांडगा कोण घेतंय बे, माळावर फुकट दिसतो की.

पाणी दिलेलं पातं
दातांवरून आठवलं. मी पाती करतो, मुठीचं काम दुसऱ्याला देतो. बहुतेक मुठींवर जबडा वासलेला आणि कान मागे डोक्याला चिकटलेले. तसा गुरकावणारा जनावर घाबरलेला असतो! दम देणाऱ्याचे कान पुढे, ताठ. ओठ वर उचलून नाकावर सुरकुत्या. म्हणजे गिऱ्हाईक "शूर" लांडगा मागतं आणि आपण त्याला कोपऱ्यात सापडलेलं कुत्रं विकतो. एवढं तरी खरं काढा, बाकी तुमची मर्जी.

अजून एक. "खऱ्या लांडग्याचा दात मुठीत बसवून द्या" म्हणणारेही भेटतात. लांडगा १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे. अशांना मी चहासुद्धा पाजत नाही.

पार्क चौपाटी
कानांचा मुद्दा मान्य. पण तो भावाचा झाला, हुबेहूबपणाचा नव्हे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये साधारण १६४० चा मुघल खंजीर आहे, मुठीला जेडचं नीलगायीचं मुंडकं. त्यावर केस कुठे कोरलेत? तरी ती नीलगायच, घोडा नव्हे. मान आणि मुस्कट बरोबर साधलंय, बाकी दगड गुळगुळीत सोडलाय.

सुईवाला
अहो, हे तर माझ्याच बाजूने बोललात. मुस्कट बरोबर यायला ते जनावर आधी बघावं लागतं.

बोरामणी रोड
खरं-खोटं करताय, पण पुण्याजवळच्या माळरानांवर लांडगा आणि कुत्र्याचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत दिसलंय. माळावरच सरमिसळ असताना मुठीवर सोवळं कशाला? मामांनाच विचारा, लांबून प्रत्येक वेळी ओळखतात का ते.

सुईवाला
विचारलं. म्हणाले, उभा असला की फसायला होतं, चालायला लागला की नाही. लांडगा दुडक्या चालीत एका रेघेत पावलं टाकतो, कुत्रं फेंगडं जातं. ही गोष्ट मला कुठल्या फोटोत दिसली नव्हती.

म्हणून आता समोरून तोंड काढायचं सोडलंय. तसाही गोल मुठीवर चेहरा दोन्ही कडांना ताणला जातो. अकरा सेंटिमीटरची मूठ, तिच्यावर लांबीला चालता लांडगा, तोंड मिटलेलं. डोळा दोन मिलिमीटरचाही नाही. त्यात एक टिंब टोचायचं सोडलं की तेवढीच चमक येते. केस फक्त मानेवर आणि पाठीच्या कण्यावर, बाकी अंग विरळ टिंबांचं.

पार्क चौपाटी
म्हणजे बाकी अंग सोडूनच दिलंत. माझं तरी काय म्हणणं होतं?

हुरडा स्पेशल
फोटो टाक बे आधी.

सुईवाला
टाकतो, पण पोटापाशी घोळ झालाय. तिथे हाडाला बारीक भोकं होती, शाई आत उतरली आणि काळा डाग पडला. मामा म्हणतात राहू दे, चिखलातून आला असेल. पाणी दिलेलं पातं, तुमचा मूठवाला टोचायच्या आधी भोकं कशाने बुजवतो?

पाणी दिलेलं पातं
पातळ सुपरग्लू. वाळला की पुन्हा पेपर मारायचा. पण आता शाई आत गेली असेल तर ती पट्टी घासून पोट नव्यानेच टोचावं लागेल.