मदत हवी आहे: कडप्प्याचा जुना ओटा न फोडता मोठं सिंक बसवायचंय (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

आमचं घर सोलापुरात, बाळीवेशीच्या बाजूचं, जुनं. स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा आहे. त्यातलं स्टीलचं सिंक जाळीच्या भोवती गंजून पाझरायला लागलंय आणि खालच्या उभ्या फरशीला कायम ओल असते. सिंक बदलायचं हे नक्की. ओटा मात्र फोडायचा नाही. आईचा त्याला ठाम नकार आहे आणि मलाही तिचं पटतं. इतकी वर्षं गरम तवे आणि पातेली सोसून त्या दगडाला कुठे तडा नाही, तो काढून ग्रॅनाइट कशासाठी बसवायचं?

मापं देते. ओट्याची उंची 30 इंच, रुंदी भिंतीपासून पुढच्या कडेपर्यंत 24 इंच. जुनं सिंक कडेसकट 18 बाय 16, कडप्प्याच्या खालून घेतलेलं. त्याच्या दोन्ही बाजूंना आधाराच्या उभ्या फरश्या आहेत, त्यांच्यामधलं अंतर 25 इंच. नळ भिंतीतून येतो, त्यामुळे सिंकला नळाचं भोक नको.

आमच्याकडे रोज भाकरी असते. परात 15 इंची. ती या सिंकमध्ये सपाट बसतच नाही. आई एका हाताने ती तिरकी धरते, दुसऱ्याने घासते आणि निम्मं पाणी ओट्यावर येतं. तिची पाठ दुखते, उंची चार फूट दहा इंच. म्हणून एकच बाऊल, पण मोठा, असं ठरवलंय. दोन बाऊलचं सिंक आम्हाला नको. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. ते प्यायला आणि स्वयंपाकाला जपून ठेवतो, भांड्यांना बोअरचं. भांडी टपात खळबळायची आणि तेच पाणी मोरीत टाकायला वापरायचं, ही आमची पद्धत. दुसरा बाऊल नुसती जागा खाईल.

दुकानं फिरून आले. 24 बाय 18 हे माप आवडलं, पण जिथे जावं तिथे 10 इंच खोलीचंच पुढे करतात. पाणी उडत नाही, भांडी जास्त मावतात, सगळे हेच घेतात, असं सांगतात. उभ्याने भांडी घासणाऱ्या बाईच्या पाठीचं काय, हे कुणीच विचारलं नाही. ओटा 30 इंचांचा, त्यात 10 इंच खोल सिंक, म्हणजे तळ जमिनीपासून 20 इंचांवर. आईने रोज एवढं वाकायचं?

तर विचारायचंय ते असं. खोली 8 इंच घेतली तर पाणी फार उडेल का? 304 स्टीलसाठी (स्टेनलेस स्टीलची कमी गंजणारी, चांगली ग्रेड) जवळजवळ दुप्पट पैसे द्यावेत का? एका दुकानात लोहचुंबक लावून दाखवलं, चिकटलं नाही, म्हणून 304 म्हणाले. एवढ्यावर विश्वास ठेवू का? काळं क्वार्ट्झचं सिंक बहिणीला फार आवडलंय, ते आपल्या पाण्याला टिकेल का? आणि सगळ्यात मोठी धास्ती कडप्पा कापण्याची. कापताना पाटी तडकली तर?

सोलापुरातल्या कुणी जुन्या ओट्यात हे काम करून घेतलं असेल तर सविस्तर लिहा. घाई नाही, पण पावसाळ्याआधी व्हायला हवं.

प्रतिसाद: होटगीरोडकर

ताई, चुंबकाची परीक्षा अर्धीच खरी. सपाट भागावर घट्ट चिकटलं तर ते बहुधा 304 नाही, एवढं कळतं; दाबून वाकवलेल्या कोपऱ्यांवर मात्र 304 लाही चुंबक थोडं ओढतं. पण 202 या हलक्या ग्रेडच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही, म्हणून न चिकटण्यावरून काहीच ठरत नाही. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 202 मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, म्हणून ते स्वस्त. स्टील तपासायचं एक रसायन मिळतं. त्याचा थेंब टाकून बॅटरीचा करंट दिला की मँगनीजवाल्या स्टीलवर लाल रंग येतो. ज्या दुकानदाराला आपल्या मालाची खात्री आहे तो समोर करून दाखवतो. बिलावर ग्रेड लिहून घ्या, आणि घरगुती स्टील सिंकचा भारतीय मानक आयएस 13983 आहे, तो खोक्यावर आहे का ते बघा.

बोअरच्या पाण्याला 304 च घ्या. खारं पाणी सिंकमध्ये साचून वाळत राहिलं की हलकं स्टील आधी डागतं, मग त्याला बारीक खड्डे पडतात. तुमचं जुनं जाळीभोवतीच गंजलं, कारण पाणी तिथेच थांबतं. जाडी साधारण 1 मिलिमीटरच्या खाली नको, खालून आवाज दाबणारे रबराचे पॅड असावेत. आणि संडास धुवायचं अ‍ॅसिड सिंकला कधीही लावू नका, चांगल्या 304 चीही त्याने वाट लागते.

काळं क्वार्ट्झ मजबूत असतं, त्यात वाद नाही. पण आपल्या पाण्याचा पांढरा थर काळ्यावर लगेच दिसतो. दर वेळी पुसून कोरडं ठेवणारं माणूस घरात असेल तरच घ्या.

प्रतिसाद: दगडकाम

कडप्पा कापता येतो, पण तो थराथराचा चुनखडी दगड आहे, ग्रॅनाइटसारखा एकसंध नाही. धक्का बसला की थर सुटतो. म्हणून छिन्नी-हातोडा अजिबात लावू द्यायचा नाही. डायमंड ब्लेडचा कटर, सोबत सतत पाण्याची धार. आधी चारही कोपऱ्यांत ड्रिलने गोल भोकं पाडायची आणि मग भोकापासून भोकापर्यंत कापायचं. कोपरा काटकोनात कापला की तडा तिथूनच सुरू होतो.

24 बाय 18 चं सिंक वरून बसवायचं असेल तर भोक साधारण 23 बाय 17 चं लागेल. नेमकं माप सिंकसोबत येणाऱ्या कागदावर असतं. आधी सिंक घरी आणा, मगच कटर लावा. तुमचा ओटा 24 इंच रुंद, म्हणजे पुढे-मागे मिळून 7 इंच उरतात. पुढची पट्टी किमान 3 इंच ठेवा, सगळा भार तिच्यावर येतो. उभ्या फरश्यांत 25 इंच आहेत, बाऊल मधे आरामात बसेल आणि त्या हलवायची गरज नाही. कापण्याआधी पुढच्या पट्टीखाली लाकडी टेकू द्यायला सांगा.

जुनं सिंक खालून सिमेंटात धरलेलं असणार. भोक मोठं झाल्यावर ते वरून उचलून निघेल. खालून ठोकून काढू देऊ नका.

प्रतिसाद: नळदुरुस्ती_सोलापूर

सगळे वरचंच बोलताहेत, खाली कुणी बघितलं का? ताई, सिंकचं सांडपाणी भिंतीतल्या पाइपात जातं की खाली जमिनीत? भिंतीत जात असेल तर त्या पाइपाचं तोंड जमिनीपासून किती इंचांवर आहे ते मोजा. तुमच्या सिंकची खोली त्यावरच ठरणार.

हिशोब सांगतो. 10 इंची सिंकचा तळ 20 इंचांवर. त्याखाली जाळीच्या कपलिंगला 3 इंच धरा, मग बॉटल ट्रॅप, म्हणजे पाइपातला वास अडवणारा बाटलीसारखा भाग. ट्रॅपमधून बाहेर पडणारा पाइप भिंतीतल्या तोंडापेक्षा वर असायला हवा, म्हणजे पाण्याला उतार मिळतो. तोंड 15-16 इंचांवर निघालं तर 10 इंची सिंक बसणारच नाही. बसवलं तरी पाणी तुंबेल, आणि मग भिंत फोडून पाइप खाली घ्यावा लागेल. 8 इंची घेतलं तर तेच दोन इंच मोकळे मिळतात. आईंची पाठ आणि पाइप, दोघांचंही म्हणणं एकच आहे बघा.

पाणी उडण्याचं कारण बहुतेक वेळा नळ असतो. तोटी सिंकच्या तळापासून फार उंच असली की उडतं. तोटीला फेसाळ धार देणारी जाळी लावा, 8 इंचांत काही अडचण येत नाही. मात्र बोअरच्या पाण्याने ती जाळी क्षाराने भरते, अधूनमधून काढून व्हिनेगरमध्ये भिजवायची. व्हिनेगर कडप्प्यावर सांडू नका, चुनखडी दगड आहे, पांढरा डाग पडतो.

आणखी एक. परातीतलं पीठ सिंकमध्ये धुऊ नका. पीठ आणि शेंगाचटणीचं तेल पाइपात एकत्र आलं की घट्ट थर धरतं. परात आधी खरवडून घ्यायची. पाइप 50 मिलिमीटरचा टाका, 32 चा जुना असेल तर आत्ताच बदला.

धागाकर्ती

काका, आत्ताच जाऊन मोजलं. पाइप भिंतीत जातो, तोंडाचा मध्य जमिनीपासून 15 इंचांवर आहे. म्हणजे 8 इंचच. दुकानात उद्या हेच माप सांगणार.

दगडकाम दादा, कोपऱ्यातल्या भोकांचं कुणीच सांगितलं नव्हतं, फार उपयोगाची गोष्ट सांगितलीत. होटगीरोडकर, 304 च घेते आणि बिलावर लिहून घेते. काळ्याचा नाद बहिणीला समजावून सोडवला.

आता एकच राहिलं. सिलिकॉन कुठलं भरायचं, आणि पाणी कधी लावायचं?

प्रतिसाद: दगडकाम

न्यूट्रल लिहिलेलं सिलिकॉन मागा. आंबट वास येणारं असतं ते कडप्प्याला लावायचं नाही, आम्ल असतं त्यात. दगड आणि कड दोन्ही पूर्ण कोरडी करून भरायचं आणि 24 तास सिंकला पाणी लावायचं नाही. त्यामुळे नळाला पाणी येणार असेल त्या दिवशी काम धरू नका, दुसऱ्या दिवशी धरा. भांडी तेवढा दिवस मोरीत.

धागाकर्ती

पाणी आलं की दुसऱ्याच दिवशी सकाळी काम धरते. कटरवाला माणूस मात्र अजून मिळालेला नाही. अशोक चौक किंवा विजापूर वेशीच्या बाजूला पाणी मारून कापणारा कुणी माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, इथे नंबर टाकू नका.