एफवायबीएस्सी बायोलॉजी: ‘का?’ वाले प्रश्न कसे लिहायचे? (ट्रिप्लॉइड केळी, सिकलसेल, ऱ्हिओचं पान)

पिवळी_फणी (ता. यावल)

नमस्कार. मी एफवायला आहे, बॉटनी-झूऑलॉजी-केमिस्ट्री. बारावीपर्यंत सेमी होतं, आता सगळंच इंग्रजीत. सरांनी युनिट संपल्यावर प्रश्नांची यादी दिलीय आणि पुढच्या आठवड्यात इंटर्नल आहे. व्याख्या आणि फरकाचे तक्ते पाठ झालेत. अडलेत ते हे चार:

१. ट्रिप्लॉइड झाडाला बी का धरत नाही? मियॉसिसच्या आधारे स्पष्ट करा.
२. एका समाजात १०० पैकी १ जण सिकलसेलचा रुग्ण असेल, तर वाहक किती? हार्डी-वाइनबर्गच्या कोणत्या अटी इथे पाळल्या जात नाहीत?
३. केळीचं खोड खरं खोड आहे का?
४. ऱ्हिओच्या पानाची साल मिठाच्या पाण्यात ठेवली, नंतर साध्या पाण्यात. काय दिसेल आणि का?

गाइडमध्ये दुसऱ्याचा नुसता फॉर्म्युला आहे, पहिल्याचं उत्तर दोन ओळींत संपवलंय. पप्पांना विचारलं, केळीला बी का नसतं? ते म्हणे, बी कशाला पाहिजे, टिश्यू कल्चरची रोपं मिळतात ना! दादा-ताई, कुणी नीट समजावून सांगेल का?

भरीत_पार्टी (अमळनेर, एसवाय)

मन्ही बी मागल्या साली हीच यादी होती. चौथा हमखास येतो. आकृती काढ, नावं दे, निम्मे मार्क तिथेच. पहिल्याला ‘अनबॅलन्स्ड गॅमीट्स’ (गॅमीट म्हणजे प्रजननपेशी) हा शब्द आला पाहिजे, तपासणारे तोच शोधतात. बाकी लॅबवाले काका इथे असतात, ते सांगतील.

लॅबवाला_काका (ता. रावेर)

आलो. बेटा, तुझे चारही प्रश्न चांगले आहेत. यादी काढणाऱ्याने डोकं लावलंय. मी बॉटनीचा बीएस्सी, कॉलेजात लॅब असिस्टंट आणि घरी केळी. त्यामुळे माझं सांगणं थोडं मळ्यातलं वाटेल, चालवून घे.

माझी एकच पद्धत आहे. नियम जिथे मोडतो तिथून धडा वाचायला घ्यायचा. मियॉसिस (प्रजननपेशी बनवणारं, गुणसूत्रं निम्मी करणारं विभाजन) सुरळीत चालतं तेव्हा ते दिसतच नाही, नुसती प्रोफेज-मेटाफेजची नावं पाठ होतात. केळीत ते फसतं, म्हणून केळीवरून शिक.

रानटी केळीत गुणसूत्रं २२, म्हणजे ११ जोड्या. आपल्या मळ्यातली ग्रँड नैन ट्रिप्लॉइड, तिच्यात ३३. म्हणजे ११ तिकड्या. मियॉसिसच्या पहिल्या विभाजनात जोडी असली की एक इकडे, एक तिकडे, हिशोब सरळ. तिकडी असली की दोन एका ध्रुवाकडे आणि एक दुसऱ्याकडे. आणि कोणत्या तिकडीतले दोन कुठे जाणार ते प्रत्येक तिकडीचं स्वतंत्र.

आता वहीत गणित मांड. गॅमीट चालायला हवा असेल तर त्यात पूर्ण ११ तरी हवीत, नाहीतर पूर्ण २२. एका ध्रुवाला सगळ्या ११ तिकड्यांमधून एकेकच यायची शक्यता किती? अर्धा गुणिले अर्धा, अकरा वेळा. म्हणजे २०४८ त एक. सगळ्यांमधून दोन-दोन येण्याचीही तेवढीच. दोन्ही मिळून १०२४ त एक. बाकीच्या गॅमीटमध्ये काही गुणसूत्रं एक, काही दोन, असा गोंधळ. तोच तुमचा ‘अनबॅलन्स्ड’. वाटणी खरोखर इतकी निव्वळ योगायोगाची असते असं धरून हे गणित आहे, पण परीक्षेला एवढं मांडलंस तर तपासणारा पेन थांबवून वाचेल.

पण उत्तर इथे अर्धंच झालं, आणि गाइड नेमकं इथेच थांबतं. बी धरत नाही हे कळलं. मग फळ कसं धरतं? ती वेगळी गोष्ट आहे, तिचं नाव पार्थेनोकार्पी. परागण न होता अंडाशय वाढून फळ होतं. पप्पांना विचार, घडाच्या फण्या मोकळ्या झाल्या की आपण खालचं केळफूल मोडून टाकतो का नाही? नर फुलं सगळी त्यातच. तरी घड भरतो. म्हणजे दोन कारणं वेगवेगळी लिही: ट्रिप्लॉइड असल्याने बी नाही, पार्थेनोकार्पी असल्याने फळ आहे. बिनबियांचं टरबूज घे, तेही ट्रिप्लॉइडच (टेट्राप्लॉइड मादीवर डिप्लॉइडचे पराग घालून त्याचं बियाणं करतात), पण त्याच्या शेतात साध्या टरबुजाच्या ओळी लावाव्याच लागतात. परागण झालं नाही तर फळच सेट होत नाही. केळीला ती गरज नाही. ही तुलना केलीस तर तुला दोन्ही संकल्पना वेगळ्या कळल्यात हे दिसतं.

आणि हे आजच कर: पिकलं केळं ब्लेडने आडवं काप. मध्याजवळ तीन कप्प्यांत बारीक काळसर ठिपके दिसतील. ती न वाढलेली बीजांडं. लेन्स असेल तर ओळीत बसलेली दिसतात. आमच्या प्रॅक्टिकलला पोरं हे बघतात आणि मग केळं खाऊन टाकतात, जर्नलमध्ये कुणी काढत नाही.

तिसऱ्या प्रश्नाला जास्त वेळ घालवू नको. आपण ज्याला खोड म्हणतो ती पानांच्या देठांची आवरणं एकावर एक गुंडाळलेली, म्हणून स्यूडोस्टेम. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. निसवण्याआधी (केळफूल बाहेर पडण्याआधी) झाड मधोमध कापलं तर आतपर्यंत पानंच पानं. निसवल्यावर कापलं तर मधे पांढरा घट्ट दांडा, तो कंदातून वर येऊन घड धरतो. तो मात्र खरा खोडाचाच भाग. एवढा बारकावा लिही, बस.

चौथा. ऱ्हिओ (खालून जांभळ्या पानांचं शोभेचं झाड) का घेतात, हे आधी. पानाच्या खालच्या सालीतल्या पेशींच्या व्हॅक्युओलमध्ये (रसाच्या पिशवीत) अँथोसायनिन असतं, जांभळा रंग आयता मिळतो, स्टेन लागत नाही. मिठाच्या द्रावणात पाणी बाहेर जातं, जांभळा भाग आकसून गडद गोळा होतो, पेशीभित्तिका जागेवरच. आता तोंडी परीक्षेतला आवडता सवाल: भित्तिका आणि मेम्ब्रेन (तिच्या आतलं पेशीपटल) यांच्यातल्या मोकळ्या जागेत काय आहे? पोरं हवा म्हणतात. तिथे मिठाचं पाणी आहे, कारण भित्तिका त्याला अडवत नाही, अडवतं ते मेम्ब्रेन. लगेच साध्या पाण्यात ठेवलं तर गोळा परत फुगतो. फार वेळ मिठात राहिलं तर पेशी मरते आणि मग काही परत येत नाही. स्लाइड ठेवून चहाला जायचं नाही!

दुसरा प्रश्न माझ्यापेक्षा जिचं रोजचं काम आहे तिने सांगितलेला बरा. धडगावकडच्या ताई, आहात का?

सातपुडा_लॅब (जि. नंदुरबार)

आहे काका. मी लॅब टेक्निशियन, आमच्याकडे भिल्ल-पावरा वस्ती, सिकलसेलच्या तपासण्या नेहमीच्या.

गणित आधी उरकते. सिकलसेलच्या जनुकाचं (S) प्रमाण q, साध्याचं (A) p. रुग्ण म्हणजे q², तो ०.०१. म्हणून q = ०.१, p = ०.९. वाहक 2pq = २ × ०.९ × ०.१ = ०.१८. म्हणजे १०० त १८. आकडे प्रश्नातले आहेत, कुठल्या गावाचे नाहीत. पण यातलं खरं शिकण्यासारखं हे की डोळ्यासमोर एक आजारी माणूस असतो तेव्हा मागे अठरा धडधाकट वाहक असतात, त्यांना स्वतःलाही माहीत नसतं. म्हणून आम्ही लग्नाआधी तपासा म्हणून मागे लागतो.

आता अटी. हार्डी-वाइनबर्गच्या नियमाला (जनुकांचं प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तेच राहतं) नैसर्गिक निवड नको, इथे निवड दोन बाजूंनी आहे. SS ला (रुग्णाला) आजार, तर AS ला (वाहकाला) फाल्सिपेरम मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण. हे अ‍ॅलिसनने १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या कामावरून मांडलं. दुसरी अट यादृच्छिक लग्नं. आमच्याकडे लग्नं समाजातच ठरतात, गोत्र बघून. मग ‘रँडम मेटिंग’ कुठलं? या दोन लिहिल्या तरी पुरे. पुढे कुणी विचारलं, मलेरिया संपला तर जनुक नाहीसं होईल का, तर लिही: वाहकाचा फायदा जाईल, प्रमाण उतरेल, पण हळू. कारण बहुतेक S वाहकांमध्ये लपलेले असतात, तिथे निवड त्यांना गाठत नाही.

अजून दोन ठिकाणी मुलं अडकतात. एक, जनुकातला बदल. बीटा ग्लोबिनच्या सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन. डीएनएच्या कोडिंग स्ट्रँडवर GAG चं GTG, एमआरएनएवर GUG. T आणि U ची अदलाबदल करू नको, तिथे मार्क जातात. दोन, आईवडील दोघं वाहक असतील तर २५ टक्के रुग्ण, हे प्रत्येक बाळंतपणाला नव्याने. ‘पहिलं मूल आजारी निघालं, आता पुढची तीन बरी’ असं गावात बोलतात. पेपरातही लिहितात!

सोल्युबिलिटी टेस्ट बघायला मिळाली तर सोडू नको. ट्यूबमधल्या रिएजंटमध्ये थोडं रक्त टाकायचं, ट्यूबमागे छापील ओळी धरायच्या. सिकल हिमोग्लोबिन असलं की द्रावण गढूळ होतं आणि ओळी दिसेनाशा होतात. पण वाहक की रुग्ण हे या टेस्टने ठरत नाही, त्याला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागतं. आणि नवजात बाळात ही टेस्ट भरवशाची नाही, कारण त्याच्यात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं आणि त्यात बीटा साखळीच नसते. त्रास पुढे काही महिन्यांनी सुरू होतो तो याचमुळे.

पिवळी_फणी

ताई, काका, खूप धन्यवाद. केळं कापलं, ठिपके दिसले! पप्पाही बघायला आले. एक शंका. बी नाही म्हणजे मियॉसिस कामाचं नाही. मग टिश्यूची सगळी रोपं मायटोसिसने (साध्या पेशीविभाजनाने) झालेली, म्हणजे सगळा मळा एकच झाड? तेव्हाच हरण्या आला की सगळ्या बागेत पसरतो का?

लॅबवाला_काका

पहिलं बरोबर. मुनवे (कंदाला फुटलेली पिल्लं) लाव नाहीतर टिश्यू, दोन्ही मायटोसिसच. क्रॉसिंग ओव्हर नाही, नवी जोडणी नाही. फरक पडतो तो फक्त सोमॅटिक म्युटेशनने (शरीरपेशीतल्या जनुकबदलाने). आपली जुनी बसराई आणि आताची ग्रँड नैन, दोन्ही कॅव्हेंडिश गटातल्याच. उंचीतला फरक तसाच आलेला.

दुसऱ्यात दोन गोष्टी मिसळू नको. हरण्या म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस), व्हायरस. तो जनुकांमुळे येत नाही. मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो, आणि मातृझाड आजारी असेल तर रोपांतूनही येतो. क्लोन असल्याचा परिणाम पुढचा: आल्यावर प्रत्येक झाड सारखंच बळी पडतं, मधेच एखादं तगून उभं राहील अशी आशा कमी. त्यात पुन्हा काकडी, भोपळा, मिरची यांच्यावरही तोच व्हायरस जगतो. म्हणून केळीत काकडीवर्गीय आंतरपीक नको म्हणतात, आणि हरण्याचं झाड दिसलं की उपटून बागेबाहेर नेऊन नष्ट करायचं. ‘व्हेजिटेटिव्ह प्रोपगेशनचे तोटे’ हा प्रश्न यादीत खाली कुठेतरी असेलच, तिथे हे वापर.

भरीत_पार्टी

काका, आमना वख्तले कोठे व्हतात तुम्ही? 😄

लॅबवाला_काका

इथेच होतो भो, तू विचारलं नाहीस. बेटा, तिकडीची आकृती काढशील तेव्हा अकराच्या अकरा काढत बसू नकोस. दोन तिकड्या काढ, वेगळ्या लांबीच्या, एकीतले दोन वर जाताना आणि दुसरीतले दोन खाली जाताना. पेन्सिलने, आणि नावं सगळी उजवीकडे.